बनियनवाल्या मनुका

आत्याच्या कारखान्यात दोनच जाती होत्या. एक कोटवाल्या, दुसऱ्या बनियनवाल्या.

कारखाना म्हणजे काय, तर गल्लीच्या टोकाला तळमजल्यावरच्या दोन खोल्या. पुढच्या खोलीत पाकिटं भरायची, मागच्या खोलीत ती तिरकी बसवलेली, गरगर फिरणारी मोठी कढई. कढईत मनुका टाकायच्या, ती फिरायला लागली की वरून वितळलेलं कडू चॉकलेट पळीपळीने सोडायचं, मध्येच गार हवेचा झोत मारायचा, की पुन्हा पळी. सुरकुतलेल्या, ओढलेल्या तोंडाच्या मनुका आत जातात आणि गोल, गुळगुळीत, लग्नाला निघाल्यासारख्या बाहेर येतात. ज्यांच्या अंगावर असा जाड थर बसला, त्या कोटवाल्या. त्या पाकिटात जायच्या आणि दुकानात मिरवायच्या. पण काही मनुका मुळातच हट्टी असतात. सुकवताना अंगाला तेलाचा हात जरा जास्त लागलेला असला की त्या चॉकलेटला धरूनच देत नाहीत. नावापुरता पातळ पापुद्रा, त्यातून सुरकुत्या डोकावतात. त्या बनियनवाल्या. हे बारसं आत्यानेच केलेलं, आणि आता मालवाहू टेम्पोचा ड्रायव्हरसुद्धा तीच नावं घ्यायचा.

बनियनवाल्या दुकानदार घेत नसत. आत्या त्या ट्रेमधून एक एक वेचून बाजूला काढायची आणि एका गोल पत्र्याच्या डब्यात भरायची. डबा भाचीचा.

भाचीला घरात सगळे खारूताई म्हणत, कारण लहानपणापासून ती चार चार दाणे एकदम तोंडात कोंबून गाल फुगवायची. आता ती दहा वर्षांची होती. दोन वर्षांपूर्वी तिच्या स्वादुपिंडाने कोणालाही न विचारता कामाचा राजीनामा दिला होता. तेव्हापासून खाण्याआधी इन्सुलिनची सुई, खाल्ल्यावर बोटाला टोचून मशीनवर आकडा बघायचा, आणि तोंडात जाणारी प्रत्येक गोष्ट आधी काट्यावर ठेवायची. पोर हे सगळं चटकन शिकली. तिची आई, म्हणजे आत्याची भावजय, अजून शिकतच होती; म्हणजे रोज नव्याने घाबरत होती.

मधल्या वेळी पोरीला आपल्या हातचं काहीतरी खाता यावं म्हणून आत्याने जंग जंग पछाडलं होतं. भावजय म्हणाली होती, "ताई, चॉकलेट आणि ही? विसरा." मग आत्या पाकीट घेऊन थेट आहारतज्ज्ञ बाईंकडे जाऊन बसली. पाकिटाच्या पाठीवर साखर किती, चरबी किती, चोथा किती, याचा तक्ता होता. प्रयोगशाळेतून तपासून आणलेला, अगदी खरा. बाईंनी तो दोनदा वाचला आणि म्हणाल्या, "तीस ग्रॅम, काट्यावर मोजून. त्या हिशेबाने इन्सुलिन. चालेल." आत्या त्या दिवशी रस्त्याने चालत नाही तर तरंगत आली.

पण आत्याचं मन मोठं चमत्कारिक. दुकानातलं पाकीट पोरीला द्यायचं तिच्या जिवावर आलं. एवढं जाड चॉकलेट! त्यापेक्षा बनियनवाल्या काय वाईट? चॉकलेट कमी म्हणजे साखर कमी, हे तर शेंबड्या पोरालाही कळतं. बाईंनी सांगितलेल्या तीस ग्रॅममध्ये आणखी थोडी बचत झाली तर देवच पावला. म्हणून ती वेचायची, निरखून निरखून, ज्यांच्या अंगावर चॉकलेट सगळ्यात कमी अशाच नेमक्या त्या डब्यात टाकायची. हे तिने कोणाला सांगितलं नव्हतं. प्रेमाची जाहिरात करायला तिला आवडत नसे.

मंगळवारी संध्याकाळी ती भरलेला डबा घेऊन भावाकडे गेली, तर जिन्यातच आवाज ऐकू आला.

"खरं सांग. काय खाल्लंस?"

"आत्याच्या मनुका. तीस ग्रॅम. काटा तू बघितलास ना!"

"काटा बघितला. त्यानंतर काय खाल्लंस?"

"काही नाही."

"माझ्याकडे बघून सांग."

आत्या दारात पोचली तेव्हा खारूताई आईकडे बघत नव्हती. ती फरशीकडे बघत होती आणि तिचे कान लाल झाले होते. गुन्हेगाराचं चित्र काढायला सांगितलं असतं तर कोणीही असंच काढलं असतं.

"ताई, तुम्हीच सांगा आता," भावजय वळून म्हणाली. तिचे डोळे भरून आले होते. "रोज संध्याकाळी शुगर चढलेली. रोज! परवा मैत्रिणीकडे गेली, तिथे तुमच्याच पाकिटातल्या मनुका खाल्ल्या, तेवढ्याच तीस ग्रॅम, तेवढंच इन्सुलिन. आकडा छान आला. घरी खाल्ल्या की वाढतो. मग घरात वेगळं काय आहे? साखरेचा डबा आहे, बिस्किटांचा आहे. लोकांच्या घरी हात घालता येत नाही, इथे येतो."

या युक्तिवादाला कुठे फट नव्हती. आत्याने शोधून पाहिली, पण सापडली नाही. भाऊ मोबाइलमध्ये तोंड खुपसून बसला होता. बायको आणि बहीण यांच्या मध्ये न पडण्याचं व्रत त्याने कधीच घेतलं होतं.

"मी नाही खात चोरून," खारूताई फरशीला म्हणाली.

"मग आकडा खोटं बोलतो का?" भावजयीने डोळे पुसले. "पुढच्या आठवड्यातली शाळेची सहल विसर. दोन रात्री डोंगरावर राहायचं, तिथे तुझं तुला मोजायचं, तुझं तुला टोचायचं. माझ्या डोळ्यांसमोर जी खरं बोलत नाही, तिला मी कुणाच्या भरवशावर पाठवू? शुक्रवारी शाळेत नाही म्हणून कळवणार आहे."

खारूताई रडली नाही. ती आतल्या खोलीत गेली आणि दार लावून घेतलं, तेही हळूच, आवाज न करता. ते हळूच लावलेलं दार आत्याला फार लागलं. पोरीने आपटलं असतं तर बरं वाटलं असतं.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर खारूताई कारखान्यात आली. बुधवारी भावजयीला कामावरून यायला उशीर व्हायचा, म्हणून मधल्या वेळचं खाणं, सुई, सगळं आत्याच्या देखरेखीखाली. एरवी ही पोर आली की प्रश्नांचा पाऊस. कढई उलटी फिरवली तर काय होईल, मनुकेला चॉकलेट गरम लागतं का, पळीऐवजी पिचकारी का नाही वापरत. आत्या अर्ध्या प्रश्नांची उत्तरं द्यायची आणि उरलेल्या अर्ध्यांवर "गप बस" म्हणायची. आज मात्र पोर मुकाट्याने स्टुलावर बसली.

"भूक लागली असेल," आत्या म्हणाली. "डबा तुमच्याच घरी राहिला. आज पाकिटातल्या खा."

तिने कोटवाल्यांचा ट्रे पुढे केला. खारूताईने काटा लावला, त्यावर वाटी ठेवली, आकडा शून्यावर आणला आणि दाणे टाकू लागली. आकडा तीसवर गेला. वाटीचं बूड जेमतेम झाकलं होतं. पोरीचा चेहरा उतरला.

"एवढ्याच?"

"एवढ्याच म्हणजे? तीस ग्रॅम झाले की."

"हो, पण ह्या कमी येतात."

"काय कमी येतात?"

खारूताई वाटीतले दाणे बोटाने सारखे करत राहिली. आत्याने हातातली पळी खाली ठेवली. कढई बंद केली. एवढा वेळ कानात बसलेला तो घरघराट थांबला तशी खोली एकदम मोठी झाल्यासारखी वाटली.

"बोल बाई. मी तुला ओरडणार नाही."

"आईला सांगशील."

"आधी ऐकू तर दे."

"तुझ्या डब्यातल्या जास्त येतात," खारूताई पुटपुटली. "काटा तीसच दाखवतो, पण वाटी भरते. मी एकदा मोजल्या. जवळजवळ दुप्पट." तिचे कान पुन्हा लाल व्हायला लागले. "आई फक्त आकडा बघते, वाटी बघत नाही. मला वाटलं, तिच्या लक्षात आलं तर ती अर्ध्या काढून घेईल. म्हणून मी सांगितलं नाही. आणि ती 'खरं सांग' म्हणाली ना, की मला दर वेळी वाटतं, आता हिला कळलं."

आत्या स्टुलासमोर खालीच बसली. म्हणजे ही चोरी! वाटी भरलेली दिसते म्हणून मनातल्या मनात खूश व्हायचं, एवढाच तो गुन्हा, आणि त्या गुन्ह्याने पोर महिनाभर कान लाल करून फिरत होती.

"अगं वेडे, त्यात चोरी कसली? त्यांच्यावर चॉकलेट कमी असतं, म्हणून त्या हलक्या. हलक्या म्हणून जास्त बसतात. वजन तेवढंच."

"वजन तेवढंच," खारूताई म्हणाली. मग तिची मान तिरकी झाली. ही मान तिरकी झाली की पुढे प्रश्न येतो, हे आत्याला अनुभवाने ठाऊक होतं. "पण मग चॉकलेट काढून घेतलं, तरी वजन तीसच. मग चॉकलेटच्या जागी काय भरलं?"

"मनुका भरल्या, दुसरं काय."

"आणि मनुकेत काय असतं?"

'फळ असतं, चांगलं असतं,' हे आत्याच्या जिभेवर आलं होतं. गेली कित्येक वर्षं ती गिऱ्हाइकांना हेच सांगत आली होती.

"थांब," ती म्हणाली. "तू आधी टोचून घे आणि खा. मग आपण बघू."

खारूताईने सुई घेतली, कोटवाल्या एक एक करून खाल्ल्या, अगदी गाल न फुगवता. मग दोघी कामाला लागल्या. आत्याने तीस ग्रॅम कोटवाल्या आणि तीस ग्रॅम बनियनवाल्या दोन ताटल्यांत घालून फ्रीजमध्ये ठेवल्या. चांगल्या कडक गार झाल्यावर सुरीच्या मुठीने हलकेच ठोकलं की चॉकलेटचं कवच तडकून निघतं, शेंगदाण्याच्या टरफलासारखं. खारूताईने फोडलेले तुकडे एका वाटीत आणि नागड्या मनुका दुसऱ्या वाटीत टाकायला सुरुवात केली. तिची बोटं चॉकलेटने बरबटली, पण तिने एकदाही चाटली नाहीत. ती प्रत्येक वेळी फडक्याला पुसत होती. आत्याच्या ते लक्षात आलं. या पोरीला चोर म्हणायचं?

कोटवाल्यांमधून निघालेलं चॉकलेट मनुकांपेक्षा वजनाला जास्त भरलं. बनियनवाल्यांमधून चिमूटभर कपच्या निघाल्या, बाकी सगळी मनुकाच मनुका.

"आता?" खारूताई म्हणाली.

आता भिंतीशी दोन गोष्टी उभ्या होत्या. एक मनुकांचं पोतं, एक चॉकलेटची मोठी पिशवी. दोन्हींवर शंभर ग्रॅममध्ये काय काय, ते छापलेलं होतं. आत्याने ती पोती आजवर किती उचलली, फाडली, झाडली, त्याला गणती नव्हती, पण ते दोन मजकूर शेजारी शेजारी ठेवून तिने कधीच वाचले नव्हते. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो हा. खारूताई गुडघ्यांवर बसली आणि मोठ्याने वाचू लागली.

"चॉकलेट. साखर, शंभरात तीस." ती पोत्याकडे सरकली. "मनुका. साखर, शंभरात..." ती थांबली. बोट ठेवून पुन्हा वाचलं. "साठच्या वर. आत्या, मनुकेत दुप्पट आहे!"

"नीट वाच."

"नीटच वाचतेय. तू ये."

आत्या आली, चष्मा लावला आणि वाचलं. मग चष्मा काढून पुसला आणि परत वाचलं. अक्षरं तीच होती. आणि खरं म्हणजे त्यात नवल काय होतं? द्राक्ष सुकतं म्हणजे त्यातलं पाणी उडून जातं. साखर कुठे जाणार? ती बिचारी आत बसून राहते, दाटीवाटीने, एवढ्याशा जागेत. आणि हे चॉकलेट तर कडू. साखर बेताचीच, बाकी कोकोचं लोणी आणि चोथा. जन्मभर आत्याने चॉकलेटकडे संशयाने बघितलं आणि मनुकेला साधी, सालस समजली. दिसतं तसं नसतं, म्हणून तर जग फसतं.

तिने आहारतज्ज्ञ बाईंना फोन लावला. बाईंनी शांतपणे ऐकून घेतलं.

"म्हणजे पाकिटावरचा तक्ता एका प्रकारच्या मनुकांचा, आणि डब्यात भरल्या दुसऱ्याच," त्या म्हणाल्या. "तीस ग्रॅमला इन्सुलिन कमी पडत होतं, रोज. शिवाय चॉकलेटमधली चरबी साखरेला जरा रेंगाळायला लावते. ती नाही म्हटल्यावर साखर सुसाट गेली. मी फक्त तक्ता बघितला हो, डबा उघडून कधी बघितला नाही. आता पाकिटातल्याच द्या, आणि आकडे मला कळवा."

फोन ठेवल्यावर आत्या पोत्यावरच बसली. घरातला प्रत्येक चढलेला आकडा तिने स्वतःच्या बोटांनी वेचून डब्यात भरला होता, तोही सगळ्यात जास्त जीव लावून. करायला गेले काय आणि झालं काय, असं तिला वाटलं, आणि तिला लाजही वाटली. खारूताईला मात्र वेगळाच आनंद झाला होता.

"म्हणजे माझी शुगर उगाच नव्हती चढत! कारण होतं!" ती म्हणाली. "आत्या, कारण सापडलं!"

कारण सापडलं खरं, पण ते सांगायचं कोणी? आत्याच्या मनात एक कोल्हा लगेच उभा राहिला. उद्यापासून डब्यात गुपचूप कोटवाल्या भराव्यात. आकडे आपोआप खाली येतील. भावजयीला वाटेल, ओरडल्याचा उपयोग झाला. सगळं सुरळीत, आणि डबाही चालू राहील. कारण खरं सांगितलं तर भावजय पहिलं काय म्हणेल, हे आत्याला माहीत होतं: ताई, मी आधीच सांगितलं होतं, तुमचं काही नको. भाचीला आपल्या हातचं देण्याजोगं तिच्याकडे तेवढं एकच होतं.

संध्याकाळी ती खारूताईला घरी सोडायला गेली. भावजय नुकतीच आली होती, खांद्यावरची पर्ससुद्धा उतरवली नव्हती. तिने आधी पोरीचं बोट मागितलं. टोचलं. मशीनवर आकडा आला. छान, जिथे असायला हवा अगदी तिथे. भावजयीने सुटकेचा श्वास सोडला आणि लेकीच्या केसांवरून हात फिरवला.

"बघ, आज कसा बरोबर आला. म्हणजे आज काही चोरून खाल्लं नाहीस."

ती हे मायेने म्हणाली. तेच वाईट होतं. खारूताईने आत्याकडे बघितलं. चोर सोडून संन्याशाला फाशी चालली होती, आणि चोर पर्स टांगायच्या खुंटीजवळ उभा होता.

"तिने कधीच चोरलं नाही," आत्या म्हणाली. आवाज तिला हवा होता त्यापेक्षा मोठा निघाला. "शुगर मी चढवत होते. रोज. डबा भरून."

मग तिने सगळं सांगितलं. बनियनवाल्या वेचल्याचं, का वेचल्या ते, फोडून बघितल्याचं, बाई काय म्हणाल्या ते, आणि भरलेल्या वाटीचंसुद्धा. भावाने मोबाइल खाली ठेवला, हीच त्या घरातली मोठी घटना म्हणायची. भावजयीचा आधी विश्वास बसेना. ती डबा घेऊन आली, आत्याने आणलेलं पाकीट घेतलं आणि ओट्यावर स्वतः दोन वाट्या मोजल्या. काट्याने दोन्ही वेळा तीस दाखवले. एका वाटीचं बूड झाकलं होतं, दुसरी भरली होती.

तिने भरलेल्या वाटीतले दाणे परत डब्यात ओतले.

"मी हिच्या दप्तराची झडती घेतली," ती म्हणाली. कोणाला म्हणाली ते कळलं नाही. "उशीचा अभ्रा काढून बघितला. बिस्किटं मोजून ठेवत होते मी."

"मला माहीत होतं," खारूताई म्हणाली. "मोजलेली दिसायची. सरळ रांगेत असायची."

भावजय खाली बसली आणि लेकीला जवळ ओढून रडली. खारूताई आधी अवघडल्यासारखी उभी होती, मग तिनेही तोंड आईच्या खांद्यात खुपसलं. आत्या दाराकडे सरकली. डबा तिने काखेत मारला. आता हा परत येणार नाही, असं तिने मनाशी धरलं होतं.

"ताई, डबा कुठे नेताय?" भावजय नाक पुसत म्हणाली.

"म्हटलं, आता नको असेल."

"असं कसं? रिकामा करून आणा. कोटवाल्या भरा." तिने लेकीचे विस्कटलेले केस सारखे केले. "आणि उद्याच आणा. सहलीला न्यायला लागतील."

खारूताईचा चेहरा तिच्या खांद्यावरून वर आला. "खरंच?"

"खरंच."

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी आत्या भरलेला डबा घेऊन आली, तेव्हा शाळेत हो म्हणून कळवूनही झालं होतं. खारूताईने ओट्यावर काटा मांडला होता. सहलीत रोज किती, त्याच्या पुड्या आत्ताच बांधून ठेवायच्या होत्या. भावजय सवयीने तिच्या मागे जाऊन उभी राहिली. गेली दोन वर्षं ती अशीच उभी राहत आली होती, मान पुढे काढून, आकड्यावर डोळे रोखून. खारूताईने वाटी ठेवली आणि दाणे टाकायला सुरुवात केली. आकडा पंचवीसवर आला, अठ्ठावीसवर आला.

भावजय मागे झाली. तिने काट्याकडे पाठ केली आणि नळ सोडून कालची भांडी घासायला घेतली. ती भांडी घासलेलीच होती.

"आई, बघ ना," खारूताई म्हणाली. "तीस झाले. बरोबर आहे का?"

"तू बघितलंस ना?" भावजय न वळता म्हणाली. "मग झालं."